रविवारची दाढी

२ फेब्रुवारी, दुकान उघडण्याआधी

ताई,

दाजींना इथे आणायला काय लागलं ते आज एकदा मांडतो, कारण मी त्यांना फुकटात पळवून नेलं असं तू चारचौघांत सांगत असतेस. न्हाव्याचा हिशेब आहे, दाढ्यांतच होणार. विमानाचं तिकीट, तीनशे दाढ्या. कागद करून देणारा एजंट, त्याहून जास्त, आणि वर त्याचं वर्षभराचं केस कापणं फुकट. जाड कोट, चाळीस. फरशी बसवताना गुडघ्यांना बांधायच्या गाद्या, सहा. आणि तुझं माझ्याशी बोलणं. ते किती दाढ्यांचं धरायचं ते मला अजून जमलेलं नाही, म्हणून शेवटी ठेवलंय. पण महाग तेच पडलं.

फोन तू उचलत नाहीस. म्हणून पानं लिहून त्यांचे फोटो भाचीच्या मोबाइलवर पाठवतो. पोरी, तू आधी वाचू नकोस, आईच्या हातात दे. वाचशीलच, मला माहीत आहे. निदान मोठ्याने वाचू नकोस.

आता मुद्दा. या रविवारी दाजींचा फोन आला नाही, कारण ते दवाखान्यात आहेत. घाबरू नकोस. कावीळ आहे. डॉक्टरबाईंनी मला समोर बसवून सांगितलं की मोठ्या माणसांना ही कावीळ झाली तर शंभरातले नव्वदहून जास्त आपले आपण बरे होतात. औषधसुद्धा फारसं लागत नाही, पडून राहायचं. दाजींसारख्या माणसाला पडून राहायला सांगणं हीच त्यातली अवघड गोष्ट.

डोळे पिवळे झालेत, हे तुला सांगून ठेवतो, म्हणजे पुढे फोटो बघितलास तर दचकणार नाहीस. त्यांनी स्वतः आरसा मागून घेतला आणि बघून म्हणाले, "मेव्हणे, गेल्या महिन्यात एका न्हाणीघरात याच रंगाची फरशी बसवली. मालकिणीची निवड. तेव्हाच म्हटलं होतं, हा रंग कुणाला शोभत नाही." म्हणजे डोकं ठिकाणावर आहे.

आणि त्यांना इथलं काही समजत नसेल, एकटे पडले असतील, असं तुझ्या मनात येईल. तर ऐक. दवाखान्यातले लोक दुभाषी बोलावणार होते. मी म्हटलं, कशाला? मी इथली भाषा शाळेत शिकलेलो नाही. वाचता आजही येत नाही. पण खुर्चीमागे उभं राहून, कात्री चालवत, गिऱ्हाइकांच्या बडबडीतून कानांनी उचललेली आहे. रस्त्यावरून दोघं कुजबुजत गेले तर मला आत कळतं कोण कुणाचं देणं लागतो. डॉक्टरबाईंचा एक शब्द माझ्या कानातून सुटत नाही. तेव्हा दाजींच्या उशाशी माणूस पक्का आहे.

गोळ्या बंद केल्यात त्यांच्या. कसल्या गोळ्या ते नंतर लिहीन, गिऱ्हाईक दाराशी आलंय.

तुझा धाकटा


५ फेब्रुवारी, दुपारी

ताई,

भाचीचा निरोप मिळाला. "आई विचारते, कावीळ कशाने झाली, तिकडचं पाणी घाण आहे का. आणि बाबांना कसल्या लोकांत ठेवलंय."

पाणी स्वच्छ आहे. पाण्याने होते ती कावीळ वेगळी, दाजींची वेगळी. हिला 'बी' म्हणतात. कशाने होते त्यावर डॉक्टर बघताहेत अजून.

दुसऱ्या प्रश्नाला मात्र मी छाती काढून उत्तर देऊ शकतो.

माझ्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या आहेत. त्यात आठ माणसं, सगळी गेल्या वर्षा-दीड वर्षात आलेली. एक शेगडी, एक मोरी. दिवसा गाद्या भिंतीला उभ्या करून ठेवतात, म्हणजे चालायला जागा होते. दाजींची जागा खिडकीखाली, चांगली. आल्या आल्या त्यांनी मोरीतल्या सुटलेल्या फरश्या काढून पुन्हा बसवल्या. बोटाच्या पेराने टकटक करत प्रत्येक फरशी ऐकली. "पोकळ वाजते ती आज ना उद्या निघणार," म्हणाले. मला म्हणाले, तुमचे कान तिखट असतील, पण हे तुम्हाला नाही कळायचं. मी वाजवून बघितलं. मला दोन्ही सारख्याच वाजल्या.

वर राज्य मास्तरांचं. तिकडे शाळेत शिकवायचे, इथे गोदामात खोकी बांधतात, पण खोलीत अजून तास चालू असतो. आणि एक पहिलवान आहे. काडीसारखा आहे म्हणून पहिलवान. हॉटेलात भांडी घासतो.

गेल्या पावसाळ्यानंतर पहिलवानाला मोठ्या हॉटेलात काम मिळणार होतं. त्यांनी आधी रक्त तपासलं. त्यात ही 'बी' निघाली. म्हणजे त्याला काही होत नव्हतं, खायचा, हसायचा, चौथ्या मजल्यावर पोती चढवायचा. नुसती रक्तात होती. काम गेलंच, पण खरी गंमत वर खोलीत झाली.

मास्तर म्हणाले, "ताट वेगळं. पेला वेगळा. गादी दाराशी. तुझ्याबद्दल मनात काही नाही, हे शास्त्र आहे."

पहिलवान म्हणाला, "मास्तर, सगळ्यांची भांडी मीच घासतो. तेही बंद करू का?"

"ते चालू ठेव," मास्तर म्हणाले. "हातमोजे घालून."

मग आरोग्य खात्याची एक नर्स आली, सगळ्यांना समजवायला. वर जिना चढून आली बिचारी, हातात पत्रकं. दुभाषी अर्थात मी. ती बोलायची, मी सांगायचो. मी सगळ्यांना खणखणीत सांगितलं, "बाई म्हणतात, एका ताटात जेवलात, एका पेल्यात प्यालात, शेजारी झोपलात, तरी ही कावीळ लागत नाही. ताटं वेगळी करणं हा मूर्खपणा आहे." मूर्खपणा हा शब्द माझा, पण अर्थ तोच. "आणि बाकी नेहमीसारखी स्वच्छता ठेवा म्हणतात."

मास्तरांनी मान डोलावली, तरी ताट वेगळंच राहिलं.

तेव्हा मी माझ्या पद्धतीने घेतलं. दर रविवारी सकाळी मी वर जाऊन सगळ्यांची दाढी करतो, हे तुला दाजींनी सांगितलं असेल. फुकट. आपल्या आबांच्या जुन्या वस्तऱ्याने. खाली दुकानात गिऱ्हाइकागणिक नवं ब्लेड लावावं लागतं, पण घरच्या माणसांना आबांचा वस्तरा. त्या रविवारी मी खिडकीपाशी स्टूल मांडलं आणि पहिल्यांदा पहिलवानाला हाक मारली. दाराशी बसला होता, उठेना. हाताला धरून आणला. दाढी केली, तुरटी फिरवली, गालाला थाप मारली. मग म्हटलं, "आता पुढचं कोण?"

कुणी हलेना. सगळ्यांना एकदम आपापल्या मोबाइलमध्ये काम निघालं.

तेव्हा दाजी उठले. कपड्याची घडी स्वतःच्या हाताने गळ्यात खोचली आणि स्टुलावर बसले. "करा मेव्हणे," म्हणाले. "फरशी काय आणि गाल काय, मला गुळगुळीत आवडतं." मी वस्तरा औषधाच्या पाण्यात बुडवला, पट्ट्यावर ओढला आणि लावला. मास्तरांना बघवेना, गॅलरीत गेले. पण त्या दिवशी दुपारी पहिलवानाचं ताट इतरांच्या ताटांत आलं, आणि ते दाजींनी आणलं.

अशा लोकांत ठेवलंय तुझ्या नवऱ्याला. आणि असा आहे तुझा नवरा.

आज थोडी भूक कमी आहे त्यांना. बाकी ठीक.

तुझा धाकटा


९ फेब्रुवारी

ताई,

या वेळी निरोप भाचीचा नव्हता. दोनच शब्द, पण तुझे आहेत हे मला कळलं. "खरं लिही."

लिहितो.

दाजी बरे होत नाहीत. परवापासून फार झोपतात. उठवलं की उठतात, पण सकाळ की संध्याकाळ ते सांगता येत नाही. काल त्यांनी खाटेच्या लोखंडी दांडीवर बोटाने टकटक केली, कान लावला आणि म्हणाले, "ही काढा. पोकळ आहे." मी म्हटलं, दाजी, ही खाट आहे. "तेच सांगतोय," म्हणाले, "खाली सिमेंटचा माल भरलेलाच नाही." शेजारच्या खाटेवरचा म्हातारा हसला, कारण त्याला वाटलं आम्ही गंमत करतोय. डॉक्टरबाई हसल्या नाहीत. त्यांनी हात पुढे करायला लावले, बोटं पसरायला लावली. हात पाखरासारखे फडफडत होते. स्थिर राहीनात. हे हात मी बघितलेत, ताई. दोरी न लावता सरळ रेघ धरणारे हात.

गोळ्यांचं लिहीन म्हटलं होतं. ते असं. महिनाभर त्यांचं अंग मोडून येत होतं, ताप यायचा, मळमळायचं. कुणाला सांगितलं नाही. दुकानातून तापाच्या, अंगदुखीच्या साध्या गोळ्या आणायचे आणि खायचे, एक उतरली की दुसरी. कामावर जायचे. त्यांच्या हत्यारांच्या पिशवीत, रबरी हातोडीच्या खाली, रिकाम्या पाकिटांचा गठ्ठा सापडला. एरवी ती गोळी सगळेच खातात. पण लिव्हर आधीच आजारी असताना इतक्या खाल्ल्या तर ती विष होते, असं डॉक्टरबाई म्हणाल्या.

मी त्यांना विचारलं, मला का नाही सांगितलंत? खालच्या मजल्यावर मी होतो. एक जिना.

म्हणाले, "तुम्हाला सांगितलं असतं तर मास्तरांना कळलं असतं. मग माझी गादी दाराशी. तिथे फटीतून वारं येतं हो."

म्हणजे बघ. माझ्या त्या रविवारनंतर सगळे एका पंगतीत जेवायला लागले, असं मी तुला छाती फुगवून लिहिलं. जेवत होते. पण प्रत्येकाने पक्कं ठरवलं होतं की आपल्याला काही झालं तर सांगायचं नाही.

डॉक्टरबाई जे सांगतात ते मी दाजींना जसंच्या तसं सांगत नाही. आता हेही लिहून टाकतो. त्या म्हणाल्या, लिव्हर काम सोडतंय. मी दाजींना म्हटलं, लिव्हर दमलंय, सुट्टीवर गेलंय. दाजींनी डोळे उघडले. "भरपगारी का?" त्या दिवशी तेवढंच बोलले. डॉक्टरबाईंनी विचारलं, ते काय म्हणाले? मी सांगितलं, घाबरलेले नाहीत असं म्हणाले.

त्या बरंच काही विचारतात. कुठे राहतात, कुणाबरोबर, कशाकशाला हात लागतो. उत्तरं मी देतो. दाजींना उगाच त्रास नको.

तुझा धाकटा


१२ फेब्रुवारी

ताई,

हे पान पोरीला वाचायला देऊ नकोस. पोरी, वाचत असशील तर इथे थांब.

काल सकाळी डॉक्टरबाई मला म्हणाल्या, तुम्ही दमलेले दिसता, आज आपण फोनवरून दुभाषी घेऊ. मी दमलो नव्हतो. मी म्हटलं, मला जमतंय. त्या हसून म्हणाल्या, जमतंय हो, पण तुम्ही पेशंटच्या आधी उत्तर देता.

फोन खाटेवर ठेवला. आतून बाईचा आवाज आला, आपल्यातलीच कुणीतरी, शुद्ध, थंड, बँकेत बोलतात तशी. म्हणाली, "नमस्कार काका, इथे जे बोललं जाईल ते सगळं मी दोन्ही बाजूंना सांगणार आहे. काही वगळणार नाही." दाजी त्या वेळी बऱ्यापैकी जागे होते. सकाळी तासभर असतात.

डॉक्टरबाईंबरोबर तीच नर्स होती, आमचा जिना चढून आलेली. मला बघून तिने मान हलवली. मी तिची नजर टाळायला नको होती, पण टाळली.

ती बोलली. फोनमधली बाई म्हणाली, "काका, नर्स विचारतायत, त्यांनी खोलीवर येऊन सांगितलं होतं ते तुम्ही पाळलं का? दुसऱ्याचा वस्तरा, ब्लेड, दाताचा ब्रश वापरायचा नाही. ज्याला रक्त लागू शकतं अशी कुठलीच वस्तू नाही."

दाजी म्हणाले, "ताटाचं सांगितलं होतं."

"ताटाने काहीच होत नाही म्हणतात. वस्तऱ्याने होतं."

दाजी माझ्याकडे वळले. "मेव्हणे, हे तेव्हा सांगितलं होतं का तिने?"

आणि ताई, फोनमधल्या बाईने तेही भाषांतर केलं. दाजी मला विचारत होते, तिला काय करायचं होतं? पण सांगितलं तिने. नर्सला कळलं, डॉक्टरबाईंना कळलं, सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी म्हटलं, "स्वच्छता ठेवा असं मी सांगितलं होतं."

तिने तेही सांगितलं. इथल्या भाषेत ते फार छोटं वाक्य झालं.

तर हे खरं. नर्स त्या दिवशी दोन गोष्टी बोलली होती. मी एक सांगितली. दुसरी माझ्या कानात स्वच्छ आली होती. जिभेपर्यंत आली होती. पण खाली दुकान आहे. न्हाव्याने स्वतःच्या तोंडाने म्हणायचं की वस्तऱ्याने रोग लागतो, आणि ते त्या आठ जणांसमोर, ज्यांच्या तोंडून ते तासाभरात सगळ्या वस्तीत गेलं असतं? दुकानात मी ब्लेड बदलतो हे कुणी ऐकून घेतलं असतं? हे सगळं एका क्षणात डोक्यातून गेलं आणि तोंडातून 'स्वच्छता' बाहेर पडलं. माझी अक्कल अशी झटपट चालते. त्याच अकलेवर मी इथे उभा राहिलो.

औषधाच्या पाण्यात वस्तरा बुडवला असं तुला लिहिलं होतं. बुडवला नव्हता. पाणी समोर होतं. पण बुडवला असता तर मास्तर म्हणाले असते, बघा, हाही घाबरतो. मग सगळं नाटक वाया गेलं असतं. म्हणून पहिलवानाच्या गालावरून उचलला तो तसाच, फडक्याला पुसून, दाजींच्या गालाला लावला. त्यांच्या हनुवटीखाली ती खळी आहे ना, तिथे थोडं लागलं. एरवी माझ्या हातून लागत नाही. बोलत होतो ना, सगळ्यांकडे बघत. मग तुरटीचा खडा फिरवला. तो खडाही पहिलवानाच्या गालावरूनच आला होता. दर रविवारी आठ गालांवरून एकच खडा फिरत होता.

फोन बंद झाल्यावर नर्सने तिच्या कागदावर काहीतरी लिहिलं. डॉक्टरबाई पुढच्या खाटेकडे गेल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दाजी म्हणाले, "वर जाऊन सांग सगळ्यांना. या वेळी पूर्ण सांग." मला ते नेहमी 'तुम्ही मेव्हणे' म्हणायचे, ताई. इतक्या वर्षांत कधी 'तू' म्हणाले नव्हते.


१५ फेब्रुवारी

ताई,

तुझा निरोप आला नाही. अपेक्षाही नाही. तरी लिहितो, कारण बाकी कुणी तुला सांगणार नाही.

वर जाऊन सांगितलं. पूर्ण. सगळे होते, मास्तर मधोमध. मी उभा राहिलो, वस्तरा आणि तुरटी समोर जमिनीवर ठेवली आणि नर्सची दुसरी गोष्ट सांगितली. कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, "म्हणजे हे सगळं पहिलवानामुळे." पहिलवान उठून आपली पिशवी भरायला लागला. रडला नाही, काही नाही, जणू या वाक्याचीच वाट बघत होता. मी म्हटलं, याच्यामुळे नाही, माझ्यामुळे. तो म्हणाला, "मालक, तुमच्यामुळे म्हटलं तरी जायचं मलाच आहे ना." आणि गेला. कुठे गेला कुणाला माहीत नाही. हॉटेलातही नाही.

मास्तर शिव्या देतील असं वाटलं होतं. ते गालावरून हात फिरवत बसून राहिले. म्हणाले, "मी त्याचं ताट वेगळं केलं आणि रविवारी तुमच्यापुढे मान वर करून बसलो. मला शिकवायचे पैसे मिळायचे."

सगळ्यांची रक्तं तपासली. आणखी दोघांना निघाली. एकाचं लग्न ठरलंय तिकडे. मास्तर सुटले.

माझंही तपासलं, ते असं. डॉक्टरबाई म्हणाल्या की आता एकच उपाय, दुसऱ्याचं लिव्हर. यादी आहे, पण ती लांब, आणि दाजींकडे तेवढा वेळ नाही. जिवंत माणसाचा तुकडा काढूनही लावता येतो. मी बाही वर केली. म्हटलं, माझं घ्या, लागेल तेवढं घ्या, मला आयुष्यात साधी सर्दी झालेली नाही. त्यांनी आधी रक्त घेतलं. दुसऱ्या दिवशी आत बोलावलं. ती माझ्याही रक्तात आहे. आणि आजची नाही, जुनी आहे. किती जुनी, मी विचारलं. सांगता येत नाही, म्हणाल्या. वर्षंही असतील.

मी आबांच्या वस्तऱ्याने स्वतःची दाढी करतो. रोज. वरच्यांची रविवारी.

मी विचारलं, मग दाजींना कुणाची लागली? पहिलवानाची का माझी? त्या म्हणाल्या, ते आता कळून काय करायचं. मला ते कळायला हवं होतं, ताई. पहिलवानाला शोधून सांगायला हवं होतं, एकतर हे नाहीतर ते. आता सांगायलाही काही नाही.

तू यायचं म्हणालीस तर म्हणून एजंटाकडे जाऊन आलो. तुझे कागद व्हायला महिना तरी लागेल. इकडे डॉक्टरबाई महिन्याचं बोलतच नाहीत. त्या 'उद्या सकाळी बघू' असं बोलतात.

दाजी कालपासून उठलेले नाहीत. बोटं अधूनमधून चादरीवर टकटक करतात. नर्सना वाटतं झटके आहेत. मी सांगितलं, काम करतायत.

दुकान बंद आहे. मी केलं नाही, कुणी येत नाही.


१९ फेब्रुवारी

ताई,

दाजी गेल्याचं तुला फोनवर कळलंच. तो फोन मी करायला हवा होता. डॉक्टरबाई म्हणाल्या, दुभाषीच करेल, नियम आहे. नियम असो नसो, तू तिचा फोन उचललास. तिने सगळं सांगितलं असेल, न वगळता.

परवा दाजींना तिकडे नेणारं विमान आहे. त्यांच्याबरोबर मी येणार होतो. भाचीचा निरोप मिळाला, "मामा, तुम्ही येऊ नका असं आई म्हणते." येत नाही. मास्तर येतायत. त्यांनी रजा मागितली, मिळाली नाही, तरी येतायत. हत्यारांची पिशवी त्यांच्याजवळ दिली आहे. ओळंबा, गुण्या, रबरी हातोडी, करणी, सगळं आहे. रिकामी पाकिटं काढून टाकली आहेत. कोट तुझ्या उपयोगाचा नाही, पण पाठवतो. एका खिशात पोरीसाठी घेतलेल्या केसांच्या पिना आहेत, त्या आधी काढून घे. शेवटची दाढी दवाखान्यातल्या माणसाने केली. नवं ब्लेड फोडलं, केली, टाकून दिलं. मी बाहेर उभा होतो.

आणि निरोपात खाली दुसरी ओळ होती. ती भाचीची असेल किंवा तुझी, मला ओळखता आली नाही. "बाबा शेवटी काय म्हणाले?"

ताई, या ओळीचं उत्तर काल दिवसभर लिहीत होतो. तीन पानं फाडली. एकात त्यांनी पोरीच्या शिक्षणाचं म्हटलं होतं. एकात तुझं नाव घेतलं होतं. ते पान चांगलं जमलं होतं. कुणालाही खरं वाटलं असतं, आणि तुला आयुष्यभर पुरलं असतं. एकात त्यांनी मला माफ केलं होतं. ते मी सगळ्यात आधी फाडलं.

खरं एवढंच. मंगळवारी पहाटे उजाडता उजाडता त्यांनी डोळे उघडले. डॉक्टरबाईंना वाटलं होतं उघडणार नाहीत. खोलीत मी होतो आणि एक नर्स होती, तिला आपलं बोलणं कळत नाही. फोनमधली बाई नव्हती, तिला बोलवायला वेळ नव्हता. दाजींचे ओठ हलले. दोनदा हलले, दोन्ही वेळा सारखे, म्हणजे एकच काहीतरी दोनदा म्हणाले. नर्सने यंत्राचा आवाज बंद केला. मी खाली वाकून कान त्यांच्या तोंडाला लावला.

मला ऐकू आलं नाही.